ओळ कापू नका

कॅमेरेवाल्या मित्रांनो,

  रिवाजाप्रमाणे आता मी अध्यक्ष म्हणून आढावा घ्यायचा. तर मोबाइल आला, ड्रोन आलं, आता न काढलेला फोटोही यंत्र काढून देतं. झाला आढावा. तीस वर्षं मला एकाच गोष्टीवर बोलायचं होतं आणि माईक आज हातात आलाय. फोटोओळीवर, म्हणजे फोटोखाली छापतात त्या मजकुरावर.

जुन्यांना आठवत असेल. रोल धुवायचा, प्रिंट काढायची, पाकीट एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायचं. ओळ प्रिंटच्या पाठीवर बॉलपेननं लिहायची नाही. दाबलं की पुढं माणसाच्या गालावर वळ उठतो. म्हणून वेगळी चिठ्ठी लिहून डिंकानं चिकटवायची. गाव, तारीख, काय चाललंय. दैनिकाच्या डेस्कवर ती चिठ्ठी निघायची आणि ज्यानं ते गाव उभ्या जन्मात पाहिलं नाही तो ओळ लिहायचा, 'पोटासाठी भटकंती'. माझं नाव नसलं तरी चाललं असतं. गावाचं का नसावं?

दसरा झाला की आपल्याकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. एका पहाटे मी असाच एक ट्रक टिपला. पाण्याचं पिंप, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या, पोत्यात गुंडाळलेले कोयते आणि पत्र्याच्या पेटीला टेकून बसलेली बाई, मांडीवर पोर. मुकादमाकडून उचल घेतलेली, सहा महिने कर्नाटकात. पेटीवर ऑइलपेंटनं गावाचं नाव रंगवलेलं. चिठ्ठीत सगळं लिहून पाठवलं. एका दैनिकानं फोटो छापला. ओळ गेलीच, वर कॉलमात बसेना म्हणून खालून पेटीही कापली.

कैक वर्षांनी तोच कापलेला फोटो मोबाइलवर फिरत आला. वर लाल अक्षरांत, घुसखोरांना ट्रकमध्ये भरून हाकललं. मांडीवरच्या त्या पोराला आता मिसरूड फुटलेलं. फोन घेऊन माझ्या फोटोच्या दुकानात आलं आणि म्हणालं, "काका, आमची माय बांगलादेशी कधी झाली?"

मी निगेटिव्ह शोधून काढली. पेटी होती, गाव वाचता येत होतं. पण फिरत सुटलेल्या फोटोमागं निगेटिव्ह घेऊन कुठवर धावणार?

ही एवढीशी गोष्ट नाही. जून 2025 मध्ये मुंबईच्या आसपास पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना थेट सीमेपलीकडं ढकललं. ते भारतीय निघाले, मग परत आणावं लागलं. त्यांच्यावरही कोणीतरी ओळच चिकटवली होती.

तिकडं अमेरिकेत जॉन मूर यांनी 12 जून 2018 ला टेक्सासच्या सीमेवर रडणाऱ्या होंडुरासच्या दोन वर्षांच्या मुलीचा फोटो काढला. शेजारी तिच्या आईची झडती चाललेली. ताटातूट होऊ शकते, एवढंच मूर यांच्या ओळीत होतं. 'टाइम'नं मुखपृष्ठासाठी पोरगी तेवढी कापून घेतली आणि राष्ट्राध्यक्षांसमोर उभी केली. जग समजलं, हिला आईपासून तोडलं. मायलेकी तर एकत्रच होत्या! त्या दिवसांत हजारांवर लेकरं खरोखर तोडली गेली होती, पण सरकारला नाकारायला ही एक चूक पुरली. फोटो खरा होता. पुढच्या वर्षी त्याला वर्ल्ड प्रेस फोटोचा सर्वोच्च मानही मिळाला.

मग ओळीत सगळंच द्यायचं का? सकाळच्या परिसंवादात मोर्च्यातले चेहरे झाकावेत का, यावर दोन तट पडले. 11 डिसेंबर 2024 च्या परभणी बंदनंतर धरपकड झाली, तेव्हापासून आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी उरलेला नाही, हे मलाही कळतं. 2018 मध्ये नाशिकहून मुंबईला चालत गेलेल्या शेतकऱ्यांचे फोटो आठवा. डोळ्यांपुढं येतात ते फुटलेले तळपाय. पण प्रत्येक वेळी पाय सापडत नाहीत. एका रास्ता रोकोनंतर माझ्या दुकानात दोघं आले, फोटोवर बोट ठेवून म्हणाले, हा कोण? मी म्हटलं, चिठ्ठी डेस्कनं काढली, मला काय ठाऊक! जन्मात तेवढी एकदाच ती कापाकापी कामी आली. तेव्हापासून माझा नियम ठरला. गाव, तारीख, प्रसंग छापायला द्यायचा; नाव आपल्या वहीत, आणि वही कपाटात. झाकाझाकीचं ज्याचं त्यानं बघावं.

अशी एक वही जिल्ह्याची मिळून करावी असं मनात आहे. कोणी लिहायची, कोणाच्या कपाटात ठेवायची, ते चहाच्या वेळी बोलू. जुन्या निगेटिव्हांचंही काहीतरी करायला हवं, वाळवी थांबत नाही.

आता समूह छायाचित्र आहे म्हणे. काढणाऱ्यानं डावीकडून एकेकाला नाव विचारून घ्यावं. मागच्या खेपेला माझं नाव दुसऱ्याच्याच मिशांखाली छापून आलं होतं.