कोकणकडा आणि तीस मीटरचे ठिपके
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



"व्हिडिओ गेमच्या कंपनीत तू नेमकं करतोस काय?" हा प्रश्न सकाळपासून दहा जणांनी विचारला. म्हणून उत्तर माइकवरूनच देतो. खऱ्या डोंगरांची मोजमापं गेममध्ये चालतील अशी करून देणं, हे माझं काम.

फेब्रुवारी 2000 मध्ये अमेरिकेच्या स्पेस शटलने अकरा दिवसांत रडारने पृथ्वीवरच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. साधारण दर तीस मीटरला एक ठिपका, एक उंची. ही माहिती आज फुकट मिळते. पण ती अंशांत असते आणि गेमला मीटर लागतात. आपल्याकडे अक्षांशाचा एक अंश जवळपास 111 किलोमीटर, रेखांशाचा 105. दोन्ही सारखे धरले, की डोंगर पूर्व-पश्चिम ताणला जातो. उंची 8 बिटांत साठवली तर 256 पायऱ्याच मिळतात. हजार मीटरचा डोंगर चार-चार मीटरचा जिना दिसतो. म्हणून 16 बिट घ्यायचे, म्हणजे 65,536 पायऱ्या.

एवढं सगळं करून मी हरिश्चंद्रगड उभा केला. झकास दिसत होता. मग चाचणी करणारा मुलगा कोकणकड्यावरून घसरगुंडीसारखा घसरत सुखरूप तळाशी पोचला! दोन ठिपक्यांमध्ये कॉम्प्युटर उतारच जोडतो. शिवाय एका ठिपक्याला उंची एकच. आपला कोकणकडा तर नागाच्या फण्यासारखा आत वळलेला. ती पोकळी त्यात मावणार कशी?

"चालेल रे, गेमच तर आहे," सगळे म्हणाले. मला नववीची सहल आठवली. सरांनी एकेकाला काठावर पालथं झोपवून खाली बघायला लावलं होतं, स्वतः पाय घट्ट धरून. पोटात आलेला तो गोळा अजून आठवतो. आमचा गेम खेळून एखादा पोरगा त्या काठाशी निर्धास्त उभा राहिला तर?

मी दोन आठवडे मागून घेतले. फोटोंवरून कड्याचं वेगळं त्रिमितीय मॉडेल केलं आणि उताराच्या जागी बसवलं. आता तिथून पाऊल पुढे टाकलं, की खेळ खलास.

सर, समोच्च रेषा एकमेकींना चिकटल्या की कडा समजा, हे तुम्ही फळ्यावर शिकवलंत. पण त्या दिवशी माझे पाय धरलेत, त्याचे आभार मानायचे राहिले होते. ते आज मानतो.