पखवाज

आज आम्ही आमच्या एका मित्राची गोष्ट सांगणार आहोत. त्याची परवानगी घेतली आहे. पण त्याचे नाव सांगणार नाही.

आमचे भजनी मंडळ आहे. दर एकादशीला आम्ही देवळात जमतो. भजन झाले की चहा होतो. हा मित्र पखवाज वाजवतो. काही वर्षांमागे तो सारखा आजारी पडू लागला. वजन उतरले. सरकारी दवाखान्यात रक्त तपासले. एच. आय. व्ही. निघाला.

एका संध्याकाळी त्याने आम्हा दोघांना बाजूला बोलावले. म्हणाला, "गुरुजी, तुम्हा दोघांनाच सांगतोय. पोटात ठेवा." आम्ही पोटात ठेवले. दुसऱ्याला ते जमले नाही. त्याने घरी सांगितले, आणि आठ दिवसांत गावभर झाले.

पुढच्या एकादशीला सगळ्यांना कपबशीत चहा आला. त्याला कागदी पेला. कोणी काही बोलले नाही. आम्हीही बोललो नाही! जन्मभर मुलांना आरोग्याचे धडे शिकवले, आणि त्या दिवशी खाली मान घालून चहा प्यालो. मित्र भजनाला यायचा बंद झाला.

मग आम्ही दवाखान्यात जाऊन नीट विचारले. तिथल्या बाईंनी समजावले. हा रोग असुरक्षित शरीरसंबंधातून, दूषित रक्तातून, दूषित सुईतून आणि आईकडून बाळाला होतो. एका ताटात जेवल्याने, उष्ट्या कपाने, हात धरल्याने किंवा डास चावल्याने होत नाही. औषध सरकारी केंद्रात २००४ सालापासून फुकट मिळते. ते रोज, न चुकता, जन्मभर घ्यायचे. औषधाने रक्तातला विषाणू तपासणीत दिसणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर तो शरीरसंबंधातूनही दुसऱ्याला लागत नाही. कोणाला विचारायचे असेल तर १०९७ या नंबरावर फोन करावा. पैसे पडत नाहीत.

विश्वासाने सांगितलेली अशी गोष्ट रोग्याच्या संमतीवाचून दुसऱ्याला सांगू नये, असा २०१७ चा कायदाही आहे. तो २०१८ पासून लागू झाला. आम्हाला तो ठाऊक नव्हता.

आम्ही मित्राच्या घरी गेलो. म्हटले, "चुकलो." तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "पेल्याचं काही नाही, गुरुजी. लोकांना माहीत नसतं. पण तुम्ही गप्प बसलात, ते लागलं." यावर आम्ही काय उत्तर देणार? त्याच्या बायकोने चहा केला. तो प्यालो आणि एकादशीला येण्याचे वचन घेतले.

त्या एकादशीला चहाच्या आधी आम्ही दवाखान्यात ऐकलेले सगळे मंडळाला सांगितले. त्याचे नाव घेतले नाही. दोघे उठून गेले. त्यांतला एक महिन्याभराने परत आला.

मित्राची तब्येत आता चांगली आहे. पखवाज तोच वाजवतो आणि चहा सगळ्यांबरोबर कपबशीतच घेतो. ज्याने घरी सांगितले तो मनाने वाईट नाही. त्याने माफीही मागितली. तो टाळ वाजवतो. पण दोघे अजून शेजारी बसत नाहीत.