कधीच न भरणारी टाकी

आपल्यातले कितीतरी जण अभिमानाने सांगतात, ‘आमची टाकी वीस वर्षांत एकदाही उपसली नाही!’ अहो, मग मैला गेला कुठे? खऱ्या सेप्टिक टाकीचा तळ पक्का असतो. गाळ तिथे साचतो आणि दोन-तीन वर्षांनी उपसावाच लागतो. न भरणारी टाकी बहुधा बिनतळाचा खड्डाच असते. आपल्या गोव्याचा जांभा सच्छिद्र. पावसाळ्यात भूजल वर चढते आणि खड्ड्यातली घाण जवळच्या विहिरीत झिरपते. नळ आले म्हणून आपण विहीर विसरलो, पण मे महिन्यात नळ कोरडा पडला की कळशी तिथेच जाते ना? घराला दाखला देताना टाकीचा तळ कोण पाहतो? उपसलेला गाळ टँकर कुठे ओततो? येत्या ग्रामसभेत मी हे दोन्ही प्रश्न विचारणार आहे. त्याआधी माझ्या टाकीचे झाकण उघडतो. वडिलांनी बांधलेली, तळ आहे की नाही मलाही ठाऊक नाही.