उष्ट्या अन्नातून इंधन
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील भाषणाचा संक्षिप्त पाठ)



आपल्या स्वयंपाकघरातून रोज उरलेली भाकरी, वरण-भात आणि भाज्यांची देठे बाहेर जातात, आणि त्याच दाराने गॅसची सिलिंडरे आत येतात. या दोहोंचा मेळ घालणारे बायोगॅस संयंत्र उभारावे, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे आहे. त्याविषयी थोडे निवेदन करतो.

रुग्णसेवेला ही कल्पना नवी नाही. मुंबईतील माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात १८९७ साली मैल्यापासून मिळालेला वायू दिव्यांसाठी वापरला जात होता. पुणे जिल्ह्यातील देहू येथे वैद्यकीय अधिकारी म्हणून गेलेले डॉ. मापुसकर यांनी शौचालयाला जोडलेल्या बायोगॅस संयंत्राचा प्रसार केला. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. औषध देण्याइतकेच घाणीचा बंदोबस्त करणे हेही वैद्यकाचे कर्तव्य आहे, हे त्यांनी आचरणातून दाखविले.

संयंत्राचे कार्य सोपे आहे. हवाबंद टाकीत शेणाने विरजण लावावयाचे आणि दळलेले खरकटे पाण्यात कालवून रोज घालावयाचे. सूक्ष्म जीवाणू त्याचे प्रथम आम्लात व नंतर मिथेनयुक्त वायूत रूपांतर करतात. १०० किलो ओल्या खरकट्यापासून साधारणपणे ८ ते १० घनमीटर वायू मिळतो. तो सुमारे ४ किलो एलपीजीचे काम करतो. म्हणजे पाच दिवसांत १९ किलोचे एक सिलिंडर वाचते. उरलेला मळीचा रस बागेला उत्तम खत होतो.

या जीवाणूंना ३५ अंशांच्या आसपासची ऊब मानवते, म्हणून अकोला-अमरावतीचा उन्हाळा येथे उपकारकच ठरतो. हिवाळ्यात मात्र वायू कमी मिळेल. पाण्याची टंचाई आपणांस ठाऊकच आहे. तेव्हा मळीतून निथळलेले पाणीच पुन्हा कालवणासाठी वापरावे लागेल.

आता काळजीची बाब. रुग्णास भेटावयास येणारा प्रत्येकजण प्रेमाने संत्री आणतो. परंतु संत्र्याच्या सालीतील तेल या जीवाणूंना मारक असते. त्या साली वेगळ्या ठेवाव्यात. फिनेल किंवा औषधांचे अंशही टाकीत जाता कामा नयेत. रक्ताचा कापूस, मलमपट्टी, मुदतबाह्य औषधे ही जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे पिवळ्या पिशवीतच जावयास हवीत. संसर्गजन्य रुग्णांच्या ताटातील उष्टेही या संयंत्राकडे येऊ नये. एका चुकीच्या बादलीमुळे इंधनाची बचत तर जाईलच, पण कचरा हाताळणाऱ्या सेवकांचे आरोग्यही धोक्यात येईल.

म्हणूनच माझी खरी विनंती निराळी आहे. टाकीसाठी देणगी मिळणे तुलनेने सोपे असते, कारण टाकीवर दात्याच्या नावाची पाटी लावता येते. परंतु रोज सकाळी बादल्या तपासणारा, कचरा निवडणारा, नळीतील पाणी काढणारा आणि गळती पाहणारा माणूस नसेल, तर अशी संयंत्रे थोड्याच काळात बंद पडतात व गंजलेली टाकी तेवढी उरते. त्या माणसाचे वेतन, त्याचे हातमोजे आणि त्याचे प्रशिक्षण यांवर पाटी लागत नाही. दात्यांनी संयंत्राच्या खर्चाबरोबरच किमान पाच वर्षांच्या देखभालीचाही भार उचलावा, आणि विश्वस्तांनी तो निधी अन्य कामाकडे न वळविण्याचा ठराव करावा.

आप्तेष्टांनाही काम आहे. जेवणानंतरचे उष्टे हिरव्या बादलीत व प्लास्टिक निळ्या बादलीत टाकावे. हे आपल्याच रुग्णाच्या सेवेचे काम आहे.

शेंडगावात जन्मलेल्या आणि वलगावजवळ देह ठेवलेल्या गाडगेबाबांनी आपल्या या अमरावती जिल्ह्याला झाडूची प्रतिष्ठा शिकविली. झाडू हाती घेणाऱ्याचा मान राखणारे संयंत्रच येथे टिकेल, अशी माझी श्रद्धा आहे. आपण सर्वांनी या प्रस्तावास सक्रिय साहाय्य करावे, ही नम्र विनंती करून मी माझे निवेदन संपवितो.