उंची कुठून आणली?



जुनी जीप सांभाळणारा माणूस भेटला की पाच मिनिटांत गोष्ट पाट्यांवर, म्हणजे लीफ स्प्रिंगांवर येते. ‘पाटे वाढवून घेतले, दोन इंच उंच झाली, आता खाली दगड लागत नाही,’ असं तो कौतुकानं सांगतो आणि मग आवाज जरा खाली आणून म्हणतो, ‘फक्त कंबर धरते.’ आज मला त्या ‘फक्त’विषयी बोलायचं आहे. कंबर धरली की दोष उंचीच्या माथी मारला जातो. माझा प्रश्न वेगळा आहे. ही उंची कुठून आणली?

चाळीसच्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत विलीस जीपची जुळणी सुरू केली. लष्करासाठी आखलेली ती गाडी. पुढच्या-मागच्या चाकांत अंतर ८० इंच, म्हणजे जेमतेम २.०३ मीटर. पुढे-मागे अ‍ॅक्सलचं अखंड हौजिंग आणि चार कोपऱ्यांत पाट्यांचे चार गठ्ठे. पुढे सीजे-३बी आली, तिचाही सांगाडा हाच.

आता पाट्याचा स्वभाव बघा. त्याचा कडकपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. ६ मिलिमीटरच्या जागी ७ मिलिमीटरचा पाटा घातला तर तो जवळजवळ ६० टक्क्यांनी कडक होतो. उलट, लांबी दहा टक्के वाढवली तर पाव हिश्शानं मऊ होतो. गाडीच्या वजनानं पाटा १० सेंटिमीटर दबत असेल, तर गाडी सेकंदाला साधारण १.६ वेळा वर-खाली होते. तो ५ सेंटिमीटरच दबत असेल तर २.२ वेळा. आरामशीर मोटारी १ ते दीडच्या आसपास ठेवतात. बसलेल्या माणसाच्या शरीराला सर्वांत जास्त त्रास होतो तो ४ ते ८ या पट्ट्यात. म्हणजे पाटा जितका कडक, तितके आपण त्या पट्ट्याच्या जवळ सरकतो.

माझ्या स्वतःच्या जीपला एका गॅरेजात पुढच्या दोन्ही बाजूंना एकेक जाड पाटा वाढवून मिळाला. मागे हात लावला नव्हता. गाडी दिसायला झकास झाली. पण घाटात प्रत्येक खड्ड्यावर तिचं नाक वर उडायचं, मग शेपूट, मग पुन्हा नाक. शेजारी बसलेल्या माझ्या बायकोनं एका हातानं डॅशबोर्ड धरला होता, तो घरी पोहोचेपर्यंत सोडला नाही.

याचं कारण मॉरिस ऑली या अभियंत्यानं १९३० च्या दशकात, कॅडिलॅकमध्ये काम करताना शोधलं होतं. खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो, मागच्याला नंतर. ताशी ३६ किलोमीटरला, आपल्या २.०३ मीटरच्या जीपमध्ये ही तफावत एक पंचमांश सेकंदाची. मागची स्प्रिंग पुढच्यापेक्षा थोडी चपळ असेल तर उशिरा उठूनही ती पुढच्याला गाठते आणि गाडी सपाट राहून हलते. आम्ही पुढचीच कडक करून क्रम उलटवला होता. आखूड गाडीत ही चूक जास्त भोवते.

हौजिंगखालचे पाटे वर घेण्याचीही एक रीत आहे. चार-पाच इंच उंची मिळते, आणि पाटा तोच असल्यामुळे मऊपणा जात नाही. कित्येकांना ही रीत आवडते, आणि ते मला समजतं. पण ब्रेक मारला की जमिनीपासून पाट्यापर्यंतचा हात लांब झालेला असतो, पाटा इंग्रजी ‘एस’सारखा मुरडतो आणि गाडी थडथडते. शिवाय उंच बसलेल्या माणसाचं डोकं प्रत्येक कलण्याबरोबर जास्त लांब झोकलं जातं. त्याऐवजी उंचीसाठी लांब शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चेसीला जोडणारी कडी, लावली तर पुढच्या चाकांचा कॅस्टर कोन, म्हणजे स्टिअरिंगला सरळ धरून ठेवणारा कल, कमी होतो. मग स्टिअरिंग सरळ रस्त्यावरही भटकतं. जुनेच शॉकअप ठेवले तर ते पूर्ण ताणले जाऊन ठोकर देतात.

एका जुन्या जाणत्या मिस्त्रीच्या सांगण्यावरून मी शेवटी गठ्ठे उघडले. पाट्यांच्या मध्ये गंजाची लाल भुकटी होती, आणि टोकांशी, जिथे पाट्यानं पाट्याला घासलं होतं, तिथे रुपयाएवढे खड्डे. बंपरवर भार दिला तर गाडी आधी हलतच नव्हती, मग एकदम खट्कन खाली जायची. म्हणजे लहान खड्ड्यांवर स्प्रिंग जागीच होत नव्हती; तो हादरा थेट सीटवर येत होता. या घर्षणाकडे फार थोड्यांचं लक्ष जातं, याची मला खंत वाटते.

जादा पाटे काढले. बाकीचे घासून साफ केले, टोकं गोल केली, मध्ये ग्रॅफाइटचं ग्रीस भरलं. बुश नवे घातले आणि पाट्यांना पुन्हा कमान देऊन घेतली. दिलेली कमान कालांतरानं थोडी बसते, हे ध्यानात ठेवून. चाकाच्या कमानीखाली टेप धरला तेव्हा जीप सव्वा इंच वर आली होती. ती सव्वा इंच उंची तिची स्वतःचीच होती, तीस वर्षांत दबून गेलेली.