गवताचे इंधन आणि जमिनीचा सातबारा
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)





मंडळाच्या मेळाव्यात डॉक्टराने बोलावयाचे म्हणजे मधुमेह, रक्तदाब किंवा फार तर मुलांच्या लसी, असा आपल्याकडे एक रिवाज पडून गेला आहे. यंदा कार्यकारिणीने आमच्यावर निराळीच कामगिरी सोपविली. त्यामागचे कारण आपणांस ठाऊक आहे. मंडळातील काही तरुण मित्रांनी असा प्रस्ताव मांडला आहे की, गावाकडील भूमिहीन बांधवांसाठी आपण दरसाल जो निधी गोळा करतो, त्यातून पडीक जमिनीवर हत्तीगवताची लागवड करावी, त्या गवतापासून इंधन तयार व्हावे आणि त्यातून बांधवांच्या हाताला काम मिळावे. प्रस्तावामागील तळमळीविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु हा निधी रात्रपाळ्या करून, टॅक्सी चालवून, दुकाने झाडून जमा झालेला आहे. तेव्हा आपण ज्या देशात राहतो त्या इंग्लंडात या गवताच्या शेतीचे काय झाले, हे अगोदर नीट पाहणे आम्हांस अगत्याचे वाटले.

पूर्व इंग्लंडात लिंकनशायर, नॉरफक या परगण्यांतून हिवाळ्याच्या अखेरीस मोटारीने जाताना माणसाच्या डोक्यावर दोन-तीन हात उंच वाढलेले, बांबूसारखे दिसणारे, वाळून पिवळे पडलेले पीक आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. त्याचे नाव मिस्कँथस. त्याचा मूळ मुलूख पूर्व आशिया. जपानात याच जातीच्या गवताने घरे शाकारीत. शिराकावा-गो येथील उतरत्या छपरांची जुनी घरे आजही अशा गवताखाली उभी आहेत. १९३५ च्या सुमारास एका डॅनिश रोपवाटिकाकाराने जपानातून त्याचा एक संकर युरोपात आणला, तो केवळ बागेची शोभा म्हणून. खनिज तेलाच्या टंचाईचे दिवस आल्यावर, म्हणजे पुष्कळ वर्षांनी, शास्त्रज्ञांचे लक्ष त्याकडे गेले. इंग्लंडात रॉथॅमस्टेड येथील जुन्या कृषिसंशोधन केंद्राने १९९३ पासून त्याचे दीर्घ मुदतीचे प्रयोग केले.

हे गवत शास्त्रज्ञांना का आवडले, हे मराठी माणसास समजावून सांगणे सोपे आहे, कारण ऊस हा त्याचा जवळचा भाऊबंद होय. ऊस, ज्वारी, मका आणि हे गवत, ही सारी मंडळी सूर्यप्रकाशाचा उपयोग एका विशेष काटकसरीच्या रीतीने करतात. तिला वनस्पतिशास्त्रात सी-चार पद्धती म्हणतात. बहुतेक सी-चार वनस्पतींना ऊब लागते; मिस्कँथस मात्र इंग्लंडच्या थंडीतही तग धरून वाढतो. त्याची लागवड बियांनी होत नाही. आल्याच्या किंवा हळदीच्या गड्ड्यासारखे त्याचे जमिनीखालील खोड तोडून त्याचे तुकडे लावतात. हेक्टरी साधारण १५ ते २० हजार. पहिल्या वर्षी हाती काहीच येत नाही, भरघोस पीक येण्यास तिसरे-चौथे वर्ष उजाडते. नंतर मात्र उसाच्या खोडव्याप्रमाणे दरसाल कापावे आणि दरसाल फुटावे, असे पंधरा-वीस वर्षे चालते. नांगरट नाही, खत बेताचे, फवारणी जवळजवळ नाही.

त्यातही एक गोष्ट आम्हांस फार विलोभनीय वाटली. शरद ऋतूत थंडी पडू लागली की हे गवत पानांतील आणि दांड्यांतील नत्रादी द्रव्ये आपल्या गड्ड्यांत परत ओढून घेते. शेतकरी ते हिरवे असता कापीत नाही; फेब्रुवारी ते एप्रिलपर्यंत ते शेतातच वाळू देतो. पाने गळून मातीला मिळतात, पावसाने पोटॅश आणि क्लोरीनचे क्षार बरेचसे धुऊन जातात. हे क्षार राहिले तर भट्टीत राख वितळून चिकटते आणि नळ्या गंजतात. अशा रीतीने उभ्या पिकातच त्याची निम्मी शुद्धी होते. हेक्टरी १० ते १५ टन कोरडे गवत मिळते, आणि दीड टन गवतात साधारण एक टन दगडी कोळशाइतकी उष्णता असते. कापणी यंत्राने, गठ्ठे यंत्राने. ते गठ्ठे जातात वीजकेंद्रात. केंब्रिजशायरमधील ईली येथील पेंढा जाळणारे ३८ मेगावॅटचे केंद्र २००० साली सुरू झाले, नॉरफकमधील स्नेटर्टन येथील केंद्र २०१७ साली; तेथे गव्हाच्या पेंढ्याबरोबर हेही गवत जळते.

इतके गुण असता या देशात हे पीक किती पसरले? सरकारने २००० ते २०१३ या काळात लागवडीचा काही खर्च अनुदानातून दिला. हवामानविषयक सल्लागार समितीने २०२० साली असे सुचविले की, २०५० पर्यंत इंधनपिकांखाली सुमारे ७ लाख हेक्टर जमीन यावी. आणि त्या वेळी प्रत्यक्षात मिस्कँथस होता सात-आठ हजार हेक्टरांवर! अनुदान असून, शास्त्र अनुकूल असून, इंग्रज शेतकरी मागे सरला. का, हे आपण समजून घेतले पाहिजे.

गहू पेरणारा शेतकरी पुढील वर्षी मोहरी पेरू शकतो. गवत लावणाऱ्याने मात्र वीस वर्षांचा शब्द दिलेला असतो, आणि गिऱ्हाईक बहुधा एकच असते. शिवाय गवत हलके व जागा अडविणारे, त्यामुळे ते लांब वाहून नेणे परवडत नाही. म्हणजे जवळचा कारखाना बंद पडला की शेतकऱ्यास दुसरे दार नाही. यॉर्कशायरमध्ये एग्बरो येथे 'आर्ब्रे' नावाचा एक प्रकल्प उभारला गेला होता. तेथे गवत नव्हते, विलो नावाचे झुडूप होते. पण धंद्याची रीत हीच. शेतकऱ्यांनी विलो लावला, आणि २००२ साली प्रकल्प दिवाळखोरीत गेला. पीक शेतात उभे, घेणारा कोणी नाही. अमेरिकेची कथा याहून मोठी आहे. २००६ साली अध्यक्ष बुश यांनी काँग्रेसपुढील भाषणात स्विचग्रास या तेथील गवताचे नाव घेतले. २००७ च्या कायद्याने २०२२ पर्यंत काष्ठतंतूंपासून १६ अब्ज गॅलन इंधन वर्षाला तयार करण्याचे लक्ष्य ठरविले. प्रत्यक्ष उत्पादन त्याच्या जवळपासही पोचले नाही. कॅन्सस राज्यातील ह्यूगटन येथील मोठा कारखाना २०१४ साली गाजावाजाने उघडला आणि वर्ष-दीड वर्षात बंद पडला.

आम्ही डॉक्टर, औषधाची मात्रा मोजल्यावाचून आम्हांस चैन पडत नाही. म्हणून एका हेक्टराचा हिशेब मांडून पाहिला. हेक्टरी १२ टन गवत धरले, तीनदशांश उष्णतेची वीज झाली असे धरले, तर वर्षाला सुमारे साडेसतरा हजार युनिट वीज मिळते. इंग्लंडातील सहा-सात घरांचा वर्षाचा वापर तो एवढाच. त्याच हेक्टरावर सौर पट्ट्या बसविल्या तर याच ढगाळ देशात त्याच्या वीस-पंचवीसपट वीज मिळते. गवताच्या बाजूने एवढेच म्हणता येते की, ते गंजी लावून ठेवता येते आणि जानेवारीच्या निवांत, वारा पडलेल्या रात्रीही जळते. हा गुण लहान नव्हे. पण ज्याच्याजवळ जमीन थोडी, त्याने हा हिशेब विसरून चालणार नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर जो निबंध लिहिला, त्यात हेच तर बजावले होते: शेत लहान की मोठे हे नुसत्या आकाराने ठरत नाही, त्यावर भांडवल व श्रम किती आणि कसे लागतात यावरून ते किफायतशीर की तोट्याचे हे ठरते.

आता आमच्या पेशाचा विषय. साठविलेल्या गवताला ओल राहिली की बुरशी धरते, आणि ती धूळ श्वासावाटे गेल्याने फुप्फुसांना सूज येते. या देशात त्या विकाराला 'फार्मर्स लंग' म्हणतात. साखर कारखान्यातील बुरसटलेल्या बगॅसच्या धुळीने होणारा त्याचा सख्खा भाऊ म्हणजे 'बगॅसोसिस'. ताप, खोकला, धाप. रुग्ण त्यास सर्दी समजतो, डॉक्टर न्यूमोनिया समजतो, आणि माणूस पुन्हा त्याच गंजीवर कामास जातो. वारंवार असे झाले म्हणजे फुप्फुसे कायमची आखडतात. गठ्ठे कोरडे ठेवणे, छप्पर, मुखपट्टी, एवढ्याने हे टळते. पण हा खर्च प्रकल्पाच्या कागदावर क्वचितच दिसतो. धुराचेही तसेच. मोठ्या वीजकेंद्राच्या धुराड्यास गाळण्या असतात, कायद्याची नजर असते. तेच गवत झोपडीतल्या चुलीत जळले तर त्याचा सूक्ष्म कण आपल्या आयाबहिणींच्या छातीत जातो. आयुष्यात कधी विडी न ओढलेल्या स्त्रीचे फुप्फुस निकामी झालेले आम्ही शिक्षणकाळात पाहिले आहे. म्हणून गावात गवत जाळण्यापेक्षा ते शेणासह कुजवून गॅस करणे आरोग्याच्या दृष्टीने शतपटीने श्रेयस्कर, असे आमचे स्पष्ट मत आहे.

भारतात वारे त्याच दिशेने वाहत आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने 'सतत' ही योजना जाहीर केली. दाबयुक्त जैववायूचे ५,००० प्रकल्प उभारण्याचे तिचे उद्दिष्ट होते. ठरलेल्या मुदतीत ते गाठले गेले नाही. संकरित नेपिअर, म्हणजे ज्याला आपण हत्तीगवत म्हणतो, ते या प्रकल्पांचा एक कच्चा माल आहे. मिस्कँथस आणि नेपिअर यांत एक भेद ध्यानी ठेवावा. नेपिअर हिरवे असताना वर्षातून अनेकदा कापतात, म्हणून ते जमिनीतील कस सतत उपसते. खत आणि पाणी दोन्ही मागते. पावसावर विसंबलेल्या माळावर पोस्टरवरील आकड्यांइतके पीक येईल, असे मानणे भाबडेपणाचे होय.

आणि खरे तर महाराष्ट्रात इंधन देणारे गवत फार दिवसांपासून उभे आहेच. ऊस हे बहुवर्षायू गवत, आणि त्याच्या बगॅसपासून साखर कारखाने वीज निर्माण करतात. ते गवत कोण कापते? बीड जिल्ह्यातून कोयता घेऊन जाणाऱ्या जोडप्यांत आपले बांधव किती आहेत, हे आपणांस सांगावयास नको. राज्य सरकारने नेमलेल्या समितीने २०१९ साली त्या जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची माहिती घेतली, तेव्हा १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. कामाचा एक दिवस चुकला की दंड, पाळीच्या दिवसांत आडोसा नाही, पाणी नाही. वैद्यकशास्त्राच्या पुस्तकात या शस्त्रक्रियेची जी कारणे दिली आहेत, त्यांत 'उचल फेडावयाची आहे' हे कारण आम्हांस कोठे आढळले नाही. इंग्लंडातील गवत यंत्र कापते. आमच्या मित्रांच्या प्रस्तावात 'रोजगार' असा एकच शब्द आहे. कोणाचा, किती दराने आणि कोणत्या हाताने, हे त्यात लिहिलेले नाही.

प्रस्तावातील दुसरा शब्द 'पडीक' हा आहे, आणि त्यावर आम्ही थोडे अधिक बोलणार आहोत. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने असेच देशभरच्या पडीक जमिनीवर मोगली एरंड लावून डिझेल करण्याचे सुचविले होते. डिझेल फारसे झाले नाही. कागदावर पडीक असलेली जमीन गावात मात्र पडीक नसते. तेथे कोणाची शेळी चरते, कोणी सरपण वेचतो, आणि मराठवाड्यात तर त्याच गायरानावर भूमिहीन दलित कुटुंबे दोन-तीन पिढ्या बाजरी, तूर पिकवीत आली आहेत. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली जे भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, स्त्रिया कडेवर मुले घेऊन तुरुंगात गेल्या, ते याच जमिनीसाठी. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरविले. तारीख कोणत्या भावनेने निवडली असेल ते सांगणे नलगे. तरीही असंख्य कुटुंबांचे नाव आजतागायत सातबारावर चढलेले नाही, आणि २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयासमोर गायरानावरील अतिक्रमणे हटविण्याचा विषय आला तेव्हा गावोगाव नोटिसा निघून पुन्हा धास्ती पसरली. अशा जमिनीवर एखाद्या संस्थेने वीस वर्षांच्या कराराने गवत लावले, तर त्या करारावर सही कोणाची असेल? ज्याचे नाव उताऱ्यावर नाही त्याची खासच नसेल. आपल्या पैशाने आपल्याच माणसाचा कब्जा पुसला जाईल.

२५ ऑक्टोबर १९४३ रोजी व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळातील मजूरमंत्री या नात्याने बाबासाहेबांनी वीजविषयक धोरण समितीपुढे भाषण केले. वीज स्वस्त आणि मुबलक हवी हे सांगतानाच, ती खासगी मालकीची असावी की सरकारी, हा प्रश्न त्यांनी टाळला नाही. आपणही तो टाळू नये.

म्हणून कार्यकारिणीस आमची सूचना अशी आहे. प्रस्ताव फेटाळू नये. परंतु पुढील बैठकीपूर्वी प्रस्तावकांनी चार कागद आणावेत. सुचविलेल्या जमिनीचा चालू सातबारा उतारा, आणि ती गायरान असेल तर आज ती कोण कसतो त्या कुटुंबांची यादी. गवत विकत घेणाऱ्याचा लेखी दर, किती वर्षांसाठी आणि तो बुडाल्यास भरपाई कोण देणार यासह. विहिरीच्या उन्हाळी पाण्याचे माप. आणि कापणीच्या मजुरीचा दर, कापणाऱ्या स्त्रियांना विचारून ठरविलेला. यांतील पहिला कागद आला नाही, तर निधीतील काही रक्कम प्रथम त्या कुटुंबांची नावे उताऱ्यावर लावून घेण्यासाठी चांगल्या वकिलावर खर्च व्हावी, असे आम्हांस वाटते. जमीन नावावर झालेल्या पाच-सहा कुटुंबांनी मिळून बांधावर थोडे हत्तीगवत लावले, दोन म्हशी आणि एक गोबर गॅस उभा केला, तर त्यास आम्ही आमच्या खिशातूनही हातभार लावू. प्रश्न असतील तर चहाच्या वेळी अवश्य विचारावेत. रक्तदाबाचे यंत्रही आम्ही सवयीने बरोबर आणलेले आहे.

जय भीम.