समुपदेशन म्हणजे ‘जमवून घे’ नव्हे



सल्ला केंद्रात काम करताना मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धतीचा आधार घेते. १९५५ च्या सुमारास त्यांनी ती मांडायला सुरुवात केली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: घटना आणि भावना यांच्यामध्ये आपली त्या घटनेविषयीची समजूत असते. दहावीत नापास झालेली मुलगी म्हणते, ‘मी पास व्हायलाच हवं होतं, आता माझी काही किंमत नाही.’ यातला ‘च’ तिला छळतो. नापास झाल्याचं दुःख खरंच आहे. पण एका परीक्षेवरून माणसाची किंमत ठरत नाही, हे तिच्याच तोंडून यावं म्हणून आपण प्रश्न विचारत जातो.

एका प्रौढ बाईबाबत मात्र माझी मोठी चूक झाली. नवऱ्याचा मार खाणारी ती बाई म्हणाली, ‘माझ्याच वागण्यात खोट असेल.’ मी लगेच तिच्या समजुतीची उलटतपासणी सुरू केली. ती उठली नि म्हणाली, ‘ताई, म्हणजे आता माझे विचारही चुकले?’ ती पुन्हा आली नाही.

एलिस अन्याय गोड मानून घ्यायला सांगत नाहीत. त्यांच्या पद्धतीत साधारणपणे आधी मनाचा गुंता सोडवतात, मग व्यवहाराचा. मारहाण चालू असताना हा क्रम उलटा करावा लागतो. रात्री कुठे जाशील, कागदपत्रं कुठे आहेत, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण आदेश मागायचा का, हे आधी. ‘मीच वाईट’ ही समजूत नंतर. आणि ती तिच्यात समाजाने रुजवली आहे, हेही तिच्याशी बोलायला हवं.

किशोरवयीन मुलींना ‘कुणाला सांगणार नाही’ असं सरसकट वचन देऊ नका. १८ वर्षांखालील मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. जिवाला धोका असला तरी गप्प राहता येत नाही. हे तिला पहिल्याच भेटीत सांगा. बाकीचं बोलणं मात्र तिला विचारल्याशिवाय आईच्याही कानावर घालू नका.

शेवटी एक विनंती. आपापल्या केंद्रात पहिल्या भेटीच्या नोंदीत सर्वांत वर हा प्रश्न लिहा: ‘आज घरी जाणं सुरक्षित आहे का?’ त्या बाईला मी तो विचारला नव्हता.